मंगलीचा ऑटो

गोंदियाकडच्या सालेकशाच्या जंगलातल्या मंगलीच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, शाळा होती, पण चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे, जंगलवाटेनं दीड तासावर. मोठ्या पोरीला तिनं दूरच्या वसतिगृहात घातलं होतं. पोरगी दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. नवऱ्यानं, उदेभाननं, पुढं तिचं लग्न लावून दिलं. धाकटी दिव्या मात्र रोज शाळेत जाऊन संध्याकाळी घरी आली पाहिजे, असं मंगलीनं मनाशी धरलं होतं.

जवळ शाळा नसलेल्या पोरांना सरकार येण्याजाण्याचा भत्ता देतं, हे तिला गुरुजींनी सांगितलं. टोल्यातल्या पाच पोरींची नावं लागली. पण पैसे मिळून उपयोग काय, गाडीच येईना. रस्त्यालगतच्या गावचा ऑटोवाला शालीकराम नाला पाहून मागं फिरला. गाडी उतरली तर चढणार नाही, म्हणाला. मग मंगलीनं बायकांना गोळा केलं. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर आठवडाभर त्यांनी दगड वाहिले, उतार बांधून काढला. शालीकरामनं रिकामा ऑटो दोनदा उतरवून-चढवून पाहिला आणि कबूल झाला. भाडं भत्ता आल्यावर घ्यायचं ठरलं.

भत्ता यायला थंडी उजाडली. तोवर शालीकराम उधारीवर पोरी नेत होता. पैसे खात्यात पडले त्याच आठवड्यात मंगलीला कळलं, की उदेभाननं घरावर पत्र्याच्या टिना घातल्या त्या दिव्याचे पैसे काढून. या पैशाला हात लावायचा नाही, असं घरोघर सांगत फिरलेली तीच होती. आता इतरांकडे भाडं कोणत्या तोंडानं मागायचं?

शालीकराम भाड्यासाठी आला तेव्हा सगळे समाजमंदिरासमोर जमले होते. दुसऱ्या कुणी बोलायच्या आत तीच उठली.

"माह्याच घरचे पैसे खर्च झाले," ती म्हणाली. "टिना दिसूनच राहिल्या तुमाले. मी बकरी विकतो, पन शालीकभाऊचं भाडं देतो. तुमी आपापलं पाहा."

उदेभान खाली मान घालून बसला होता. बाजाराच्या दिवशी बकरी तोच घेऊन गेला. बाकीच्यांनीही दिले. एकानं आधीच भत्त्यातून मोबाईल घेतला होता, त्यानं धान मळल्यावर चुकते केले.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. मोहफुलांच्या दिवसांत दोन पोरी घरच्यांनी वेचायला ठेवून घेतल्या, त्या पुन्हा ऑटोत बसल्या नाहीत. मंगली त्यांच्या घरी कितीदा गेली. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी तोही नाही.

पुढं शालीकराम गोंदियाला राइस मिलच्या गाडीवर लागला. ऑटो त्याचा चुलतभाऊ दुधराम चालवतो. भत्ता अजूनही उशिरानं येतो. आला नाही की मंगली तालुक्याच्या कार्यालयात जाऊन बसते. साहेब जेवायला गेले म्हटलं तर जेवून येईपर्यंत थांबते. आता तिथला शिपाई तिला ओळखतो, खुर्ची देतो.

दिव्या आठवीत आहे. भत्ता आठवीपर्यंतच, आणि हायस्कूल त्याहून लांब. पुढच्या वर्गातल्या पोरींना सरकारी सायकल मिळते, असं मंगलीच्या कानावर आलंय. सायकल खरंच मिळते का, अन् कधी, ते विचारायला ती सोमवारी जाणार आहे. दिव्याला सायकल येत नाही. उदेभान शेजारची मागून आणतो आणि मागून धरून तिला शिकवतो.