वहीतले तिसरे घर

डॉ. दिनकर साबणे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सांगलीत पटकीने वारले. वय बत्तीस. बातमीच्या चार ओळी मीच लिहिल्या. त्यांत जे बसले नाही ते इथे.

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या उन्हाळ्यात आष्ट्याजवळच्या एका गावात पटकी आली, तेव्हा बातमीदार म्हणून मी डॉक्टरांबरोबर गेलो होतो. रोगी दवाखान्यात पोचतो तोवर उशीर झालेला असतो, डॉक्टरनेच विहिरीपाशी गेले पाहिजे, असे ते म्हणत. विहिरीत लाल औषध टाकायचे, आणि कोणते घर कोणत्या विहिरीचे पाणी पिते, घरात माणसे किती, हे वहीत लिहायचे, ही त्यांची पद्धत. पण त्या दिवसांत भूमिगतांच्या शोधात पोलीस गावोगाव फिरत होते. वही दिसली की दारे लागत.

निंबाच्या विहिरीजवळच्या तिसऱ्या घरात बायजाक्का म्हणाली, "मी एकलीच हाय." आत धान्याच्या कणगीआड तिचा मुलगा घोंगडीवर पडला होता, डोळे खोल गेलेले... डॉक्टरांनी त्याला शिरेतून सलाइन दिले.

"ह्यो हितं न्हाई, डागदर," ती म्हणाली.

"बरं. मग ह्या नसलेल्याला उकळलेलं पाणी घोटघोट पाजत राहा. तुम्हीही तेच प्या."

निघताना त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. बायजाक्काची नजर पेन्सिलीवर होती. माझीही.

दुसऱ्या दिवशी आष्ट्यात, वही काखेत धरून डॉक्टरांना फौजदाराच्या दारातून बाहेर पडताना मी पाहिले. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी बायजाक्काची कणगी उलथली. मुलाला आधीच हलवले होते. आष्ट्यात जे पाहिले ते मी गावच्या पारावर सांगितले. डॉक्टर पुन्हा औषध घेऊन आले तेव्हा विहिरीवर माणसे वाट अडवून उभी होती.

"आवं डागदर, लाल पानी तुमच्या सांगलीला पाजा. आमचं आमी बगू."

त्या विहिरीत पुन्हा औषध पडले नाही. पुढच्या आठवड्यात बायजाक्का पटकीने गेली.

फौजदाराकडे कशाला गेला होतात, असे मी त्या दिवशी विहिरीवरून परतताना विचारले होते. "पोलीस लाइनीतली विहीरही विहीरच की," ते म्हणाले. मला ते पटले नाही... पुन्हा विचारलेही नाही.

परवा त्यांच्या पत्नीने ती वही मला दिली. अक्षर पुसट झाले आहे, पण वाचता येते. गावातल्या कोणाचेही नाव एकाही पानावर नाही. आष्ट्याच्या पानावर आहे : 'पोलीस लाइन, विहीर एक, औषध टाकले.' त्याआधीच्या पानावर : 'निंबाची विहीर, तिसरे घर. माणूस एक.'