पूजेला बसलेलं यंत्र

धुळीचे प्रकार किती, हे मला विचारावं. कोल्हापुरातल्या बहुतेक धुळींशी माझी चांगली भांडणं झालेली आहेत. गुऱ्हाळं पेटली की वाऱ्यावर चिपाडाची हलकी, काळी राख येते. ती पुसायला जावं तर रेघ उमटते, म्हणून फुंकायची असते. तालमीकडून येते ती तांबडी माती, तेला-ताकातली, अंगाला लागली तर मानाची आणि कपाटावर बसली तर चिकट. मिरवणुकीतला गुलाल भाद्रपदात उडतो आणि पुढच्या चैत्रात दाराच्या बिजागरीत सापडतो. या सगळ्यांच्या वर फौंड्रीची, लोखंड ओतायच्या साच्यातली काळी वाळू. ही मात्र वाऱ्यावर यायची नाही. ती रोज संध्याकाळी मी स्वतः घरी घेऊन यायचो, केसांत, कानांत आणि पँटच्या दुमडीत, कारण मी एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये कामाला होतो.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा आमचे दाजी आखातातून सुट्टीवर आले आणि येताना माझ्यासाठी एक रेकॉर्डर घेऊन आले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज टिपायचे आणि मग ते एकत्र करायचे, असं ते यंत्र. समोर वरखाली सरकणाऱ्या चार खुंट्या होत्या, एकेक खुंटी एकेका आवाजाची, आणि प्रत्येक खुंटीखाली एक बारीक फट. सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर धुळीच्या ढगाचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती. छापलेल्या गोष्टीवर माझा लहानपणापासून विश्वास. मी त्या फुलीला दीक्षा घेतल्यासारखा शरण गेलो.

मागच्या खोलीतले कांदे आणि गाद्या हलल्या. दाराच्या फटीला जुन्या गोधडीची पट्टी ठोकली. खोलीत केरसुणी बंद, फक्त ओलं फडकं. आत येणाऱ्याने पाय धुवायचे, पुसायचे आणि मग उंबऱ्यावर क्षणभर उभं राहायचं, ते कशासाठी हे मलाही माहीत नव्हतं, पण दृश्य चांगलं दिसायचं. आईने आपल्या जुन्या इरकलीची झूल शिवून दिली. इरकलीचे धागे सुटतात म्हणून मी तिच्याखाली प्लॅस्टिक घातलं, आणि प्लॅस्टिकला घाम येतो म्हणून त्याच्याखाली मलमल. तीन वस्त्रं झाली. लग्नात मला दोनच मिळाली होती.

"घरात धूळ आणणारा एकच गडी हाय," आई शेजारणीला सांगायची, "आणि त्योच समद्यास्नी पाय पुसाय लावतोय."

वर्षभरात मी त्या यंत्रावर काय टिपलं, तर माझीच पेटी आणि 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन'. ते मात्र फार स्वच्छ टिपलं गेलं होतं.

गल्लीच्या तोंडाला एक किराणा दुकान होतं. दुकानदार लिंगायत, साठी ओलांडलेले, घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. सगळी गल्ली त्यांना अज्जा म्हणायची. दर सोमवारी मठात भजनाला ते पुढे असत आणि त्यांचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. चैत्रात एकदा ते साखर बांधता बांधता मला म्हणाले, "तम्मा, आमच्या आईचं एक पद हाय. ज्वारी पाखडताना म्हणायची. तुझ्या कॅसेटीत भरून ठेव की."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी विचारलं, "आणखी कुणाला येतं?"

"दोन भणींना येत हुतं. दोगीबी गेल्या. लेकीला निम्मं कानडी कळतं, त्यात पद कुठलं आलंय?"

मी आनंदाने हो म्हटलं आणि त्यांना पुढची तारीख दिली. कारण चैत्र म्हणजे जोतिबाची यात्रा, हवेत गुलाल, अशा वेळी यंत्र उघडायचं नसतं. वैशाखात नळासाठी गल्ली खोदली. पावसाळ्यात दमट हवा, पुस्तकात त्याचंही चित्र होतं. मग गणपती, पुन्हा गुलाल. दर वेळी अज्जा विचारत आणि दर वेळी मी डॉक्टरच्या थाटात सांगे, "जरा धूळ बसू दे."

गणपतीतच त्यांचा घसा धरला. पंधरा-वीस दिवस आल्याचे तुकडे चघळून झाले, मग मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. बोलता येईल, डॉक्टर म्हणाले होते, गाता येईल का ते मी सांगत नाही.

अज्जा आमच्या दारात आले. पाय धुतले, पुसले, उंबऱ्यावर नियमाप्रमाणे उभे राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तम्मा, तुझी धूळ बसूस्तवर माझा आवाज बसला."

त्यात तक्रार नव्हती. दुकानात तूरडाळ संपली हे ते याच सुरात सांगत. मला मात्र पुढचे दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नवमीला संध्याकाळी सहाची वेळ ठरली. दसऱ्याला अकरा वाजता त्यांचा मुलगा जीप घेऊन येणार होता. "सीमोल्लंघन मिरजेपातूर," अज्जा म्हणाले.

नवमी म्हणजे खंडेनवमी. फौंड्रीत त्या दिवशी अर्धा दिवस काम आणि मग यंत्रांची पूजा. स्टोअरचा माणूस म्हणून हळद, कुंकू, नारळ माझ्या ताब्यात. मी भट्टीला कुंकू लावलं, लेथला लावलं, विजेच्या पॅनेललाही लावलं, नारळ फोडला, गुलाल उधळला आणि अर्धी वाटी खोबरं घेऊन प्रसन्न मनाने घरी आलो.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. माझं यंत्र पाटावर बसलं होतं. तिन्ही वस्त्रं उतरलेली, बाजूला नीट घडी करून ठेवलेली. चारही खुंट्यांना हळद आणि कुंकू, बोटभर नव्हे तर सढळ. वर अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, मधोमध नारळ, आणि शेजारी लावलेल्या उदबत्तीची राख वाकून नेमकी दुसऱ्या फटीवर टेकलेली. ओळीत विळी, कोयता, कात्री, शिवणयंत्र आणि माझ्या स्कूटरचा पाना.

"हे कुणी केलं?"

"देवानं यून केलं," आई म्हणाली. "मीच केलं की. घरातली समदी हत्यारं बसवली, त्येवढंच उपाशी ठेवू व्हय?"

"आई, यात कुंकू गेलेलं चालत नाही."

"तुझ्या कपाळाला काय हाय?"

मी हात लावून पाहिलं. कुंकू होतं. गुलालही होता.

"कुठनं लावून आलास?"

"फौंड्रीत पूजा होती."

"भट्टीला कुंकू लावलंस?"

"लावलं."

"नारळ?"

"फोडला."

"मग तिकडचं मशीन सख्खं आणि ह्ये सावत्र?"

मी नारळ उचलायला हात पुढे केला तर तिने नुसतं पाहिलं. "उद्या पूजा हलवूस्तवर हात लावायचा न्हाय. बसलेलं हत्यार उठवत्यात व्हय रं?"

सहाला अज्जा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्याला मफलर. माझी सगळी आशा त्यांच्यावर. गरज त्यांची, वेळ त्यांची, ते म्हणाले तर आई ऐकेल. त्यांनी पाय धुतले, पुसले, उंबऱ्यावर उभे राहिले, आत पाहिलं आणि यंत्राला दोन्ही हात जोडले.

"बरं केलं अक्का," ते आईला म्हणाले. "आमचा तराजूबी बसलाय. गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटलं." आणि माझ्याकडे वळून, "सकाळी येतो तम्मा."

ज्याचं जाणार होतं तो माणूस शांतपणे घरी गेला. आवाजाची बाजू लढवायला खोलीत मी एकटाच उरलो, आणि तोही उशिरा शहाणा झालेला.

दसऱ्याला आईने सकाळी आठला आंघोळ करून पूजा हलवली. मी बटण दाबलं, दिवा लागला. पहिली खुंटी सरकवली तर कानातल्या हेडफोनमध्ये खर्र. दुसरी मुकी. तिसरी अर्ध्यावर अडली, तिच्यात तांदळाचा दाणा. चौथी तेवढी बरी.

आता पुस्तकातलं ज्ञान दाखवायची वेळ होती. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट माझ्याकडे होतंच. मी शास्त्रोक्त पद्धतीने ड्रॉपर भरला आणि फटीत चार थेंब सोडले. हळद आणि कुंकू स्पिरिटमध्ये विरघळून त्याचा एक झकास नारिंगी रंग झाला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत फटीतून आत उतरला.

आई पुऱ्यांची कणीक मळत होती. ती परात घेऊन दारात आली. "दसऱ्यालाच रंगपंचमी बी उरकलीस," म्हणाली. तिने कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडला, यंत्रासमोर बसली, गोळा फटीवर दाबला आणि अलगद उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. शिवणयंत्राच्या दात्यांतला कचरा ती असाच काढायची. तांदूळ आला, पाकळीचा तुकडा आला, राख आली. एक गोळा मळला की दुसरा. चारही फटी झाल्यावर तिने ते गोळे माझ्या तळहातावर ठेवले.

"बघ."

वर थोडा तांबडा रंग होता. बाकी सगळं काळं. बारीक, चमकणारी, दातांखाली कचकचेल अशी काळी वाळू. महिन्यामागून महिने तीन वस्त्रांच्या आत जाऊन बसलेली. वस्त्रं रोज उचलून आत कोण बघत होतं, हे विचारायची गरज नव्हती. ज्या हातांनी मी धूळ आहे का हे तपासत होतो, त्या हातांवर ती होती.

आई परात उचलून गेली.

साडेदहा वाजता अज्जा माइकसमोर बसले. पहिली खुंटी अजून खरखरत होती, दुसरी मेलीच होती, पण दोन नीट चालत होत्या. मी मोठ्या रुबाबात माइकची वायर जोडली आणि घाईत ती पहिलीलाच जोडली. हे लक्षात आलं तेव्हा अज्जांनी डोळे मिटले होते आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला होता.

पहिल्या ओळीला आवाज फाटला. त्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा सुरू केलं. पद एका सासरी निघालेल्या लेकीचं होतं, ती गावच्या नदीला सांगते की मी पाण्याला परत येईन. कानडी मला चार आण्याचं कळतं, तेवढ्यात तेवढं कळलं. वरच्या सुरांना आवाज अजून लागत होता, खाली उतरला की नुसता वारा. खाली आला की मला खुंटी वर सरकवावी लागे, आणि सरकवली की खर्र, खर्र. मी दात खाऊन सरकवत राहिलो. तीन कडवी झाली. अज्जा थांबले नाहीत.

कॅसेट मागे घेऊन मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. ते मान खाली घालून ऐकत होते. एका जागी त्यांनी बोट वर केलं. मी माफीची वाक्यं जुळवली, कुंकवापासून सुरू करून फौंड्रीपर्यंत.

"तम्मा," ते म्हणाले, "ह्ये सूप कुठनं आणलंस?"

"सूप?"

"आई पाखडायची तसं वाजतंय. कडवं खाली आलं की ती सूप हालवायची. आस्संच."

माणसाच्या आयुष्यात खरं बोलायचे काही क्षण येतात. "आणलं," मी म्हणालो. दारात आई कणकेचे हात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुऱ्या लाटायला गेली.

अज्जांनी खिशातून आपट्याचं पान काढून मला दिलं. सोनं संध्याकाळी द्यायचं असतं, पण संध्याकाळी ते मिरजेत असणार होते. "आधीच घे," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला तो गिऱ्हाइकाला झापण्यापुरता. सोमवारच्या भजनात ते पुढे बसायचे ते मागे गेले आणि टाळ वाजवू लागले. पुढे दहाएक वर्षं ते जगले. कुणी पदाची आठवण काढली की दुकानातल्या टेपवर कॅसेट लावत आणि तेवढा वेळ कुणाला साखरसुद्धा देत नसत. मी मागच्या खोलीतले नियम काढून टाकले. यंत्र उघडं राहू लागलं आणि दर आठवड्याला आई उरलेल्या कणकेचा गोळा माझ्याकडे पाठवू लागली. त्यानंतर गल्लीतली बरीच पदं, पाळणे आणि एक अख्खं भांडण मी टिपलं. इरकलीची झूल पेटीवर गेली.

अज्जा गेले तोवर कॅसेटचे दिवस सरले होते. त्यांची निपाणीला दिलेली लेक पदाची सीडी करायला आली. सीडीवाल्याने कॉम्प्युटरवर ऐकून सांगितलं, मधली खरखर एका मिनिटात काढतो.

"काढू नगा," ती म्हणाली. "आज्जीचं सूप हाय ते."

तिथून ती सरळ आमच्या घरी आली आणि चहा घेताना मला विचारलं, "दादा, सूप कसलं वापरलंतं?"

तोवर ही गोष्ट माझ्या तोंडात चांगली मुरली होती. मी सांगितलं की चंदगडकडचं बांबूचं सूप मुद्दाम मागवलं होतं, त्यात शेर-दीड शेर शाळूची ज्वारी घेतली होती, आणि माइकपासून हातभर अंतरावर धरून मी स्वतः पाखडत होतो. पाखडायचा हातही करून दाखवला. तिचे डोळे भरून आले.

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कुंकू हुतं," ती म्हणाली. एक पाकळी सोलून झाली. "आणि वाळू. ह्याची."