काकूंनी विचारलेला प्रश्न

बाइंडरकाकूंच्या जिभेला हाड नाही, असं सगळा बाजार म्हणायचा. तीस वर्षं वह्या-पुस्तकांची बांधणी केलेली बाई. कागदवाला असो, हमाल असो, नाहीतर खुद्द नवरा, सुनावायचं म्हटलं की सुनावायच्याच. शाळेने नववीची एक मुलगी दोन आठवडे त्यांच्याकडे काम शिकायला पाठवायचं ठरवलं, आणि आधी काकूंनीही मुलांसोबत मनाच्या आरोग्याच्या तासाला बसावं अशी अट घातली, तेव्हा त्या फणकारल्या, "मला खळ लावायला शिकवायचंय, दवाखाना नाही काढायचा!"

तरी गेल्या. मागच्या बाकावर गुडघे आखडून बसल्या. शाळेच्या समुपदेशक बाई सांगत होत्या, "कुणी जीव द्यायच्या विचारात आहे अशी शंका आली, तर त्याच शब्दांत सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि हो म्हणालं, तर एकटं सोडू नका."

काकूंना थोरली बहीण आठवली. ती गप्प गप्प होत गेली, तेव्हा सगळे म्हणायचे, सासरी रुळेल हळूहळू. एके दिवशी तिने जीव दिला. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. काकूंनीही नाही.

मुलगी आली ती चुणचुणीत निघाली. फर्मे, म्हणजे छापून दुमडलेले कागद, क्रमाने लावायला तिचा हात पहिल्याच दिवशी बसला. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिचं लक्ष उडालं. हाक मारली तरी ऐकू जाईना. बुधवारी तिने साठ पुस्तकांत चौथा फर्मा दोनदा घातला आणि पाचवा घातलाच नाही. काकू ओरडल्या आणि मग स्वतःच शिलाई उसवत बसल्या. पाचला माल न्यायला टेम्पो यायचा होता.

चार वाजता मुलीने आपलं टेबल लख्ख पुसलं, दप्तर उचललं.

"सॉरी काकू. उद्यापासून माझा त्रास नाही."

"उद्या? अजून दोन दिवस आहेत तुझे."

"कुणालाच त्रास नाही," ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

काकूंना समुपदेशक बाईंचे शब्द आठवले. विचारायचं तर होतं. पण आपलं चुकलं तर? पोरीची आई झिंज्या उपटेल. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, वेळेच्या तासभर आधीच.

"थांब." काकू उठल्या. "तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का?"

मुलीचा हात कडीवरच राहिला. ती वळली नाही. मग तिने मान हलवली. हो.

"बस इथे. माझ्याजवळ."

"कुणाला सांगू नका. शपथ घ्या ना, काकू!"

"नाही घेणार. हे माझ्या पोटात राहायचं नाही, बाळा."

त्यांनी समुपदेशक बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. नवरा आत डोकावला, "अगं, टेम्पोवाला खोळंबलाय!"

"परत पाठवा त्याला. आणि दारातच थांबा."

मुलगी रडत नव्हती, त्याचीच काकूंना जास्त भीती वाटली. एका हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हाताने तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी उचलला.

अर्ध्या तासाने समुपदेशक बाई आणि मुलीची आई आल्या. आई काकूंवरच उसळली, "आमच्या घरात असलं काही नाही! काय भरवलंत तिच्या डोक्यात?" काकू, कधी नव्हे त्या, ऐकून घेत राहिल्या. जाताना मुलगी म्हणाली, "तुम्ही पण सगळ्यांसारख्याच निघालात. सांगून टाकलंत." तिला तडक डॉक्टरांकडे नेलं.

पुढचे आठ दिवस काही कळलं नाही. काकूंच्या हातून सुया मोडत होत्या. नवरा म्हणाला, "नसती उठाठेव झाली का गं?" मग समुपदेशक बाईंचा निरोप आला: उपचार सुरू आहेत. आईकडून अवाक्षर नाही.

दोन महिन्यांनी मुलगी उरलेले दोन दिवस भरायला आली. दारातच म्हणाली, "माझा राग गेलेला नाही अजून."

"असू दे की. खुर्ची ओढ."

दिवसभर दोघी कामापुरतंच बोलल्या. संध्याकाळी आई न्यायला आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच पदर चाळवत उभी राहिली.

"उद्या कितीला आणू हिला?"

"दहाला," काकू म्हणाल्या.