निरोप नावाचा छोटा मंत्र

"मॅडम, तुमच्या खोलीत दर गुरुवारी जुगार चालतो अशी तक्रार आलीय."

डॉक्टरसाहेबांनी हे मान वर न करता सांगितलं. परभणीत त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत मी स्पीच थेरपिस्ट म्हणून बसते. लकव्याचा झटका आला, डोक्याला मार लागला, त्यात ज्यांचं बोलणं गेलं, त्यांना ते जमेल तेवढं परत मिळवून द्यायचं, हे माझं काम. जमेल तेवढं हे शब्द मी नातेवाइकांना पहिल्याच दिवशी दोनदा सांगते.

"जुगार नाही सर. थेरपी आहे."

"फासे टाकायलेत म्हणे पेशंट."

"टाकतात. वीस बाजूंचा फासा आहे."

आता त्यांनी मान वर केली. मी पर्समधून फासा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा टाकून पाहिला, दोन्ही वेळा चार पडले, आणि त्यांचा त्यातला रस संपला. दिवाळीपर्यंत चालू द्या म्हणाले. रिझल्ट दाखवा, नाहीतर आपलं नेहमीचं चित्रांच्या कार्डांचं काम बरं.

हा खेळ मी कॉलेजच्या होस्टेलवर शिकले. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचे. एक जण गोष्ट सांगणारा, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या गोष्टीत शिरायचं. समोर दरी आहे, काय करता, असं गेम मास्टर विचारतो. तुम्ही सांगता, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सगळी मजा तोंडाने सांगण्यात आहे, म्हणून तर मला वाटलं की हा खेळ माझ्या खोलीत चालेल.

ऑक्टोबरची दुपार असायची. खिडकीला हिरवा पडदा, वर संथ पंखा, आणि मी सांगत असायचे की पुढे एक रान आहे, तिथे माणसांच्या सावल्या एक तास उशिरा चालतात. तुम्ही नदीवर पोचता आणि तुमची सावली अजून मागच्या टेकडीवर बसलेली असते. असं काही सांगताना मलाच गुंगी यायची. पडद्यातून येणारा उजेड त्या रानातला वाटायचा, बाहेरचा रिक्षाचा हॉर्न कुठल्यातरी पक्ष्याचा. कामाच्या जागी असं वाटू नये, हे मला कळतं. तरी वाटायचं, आणि मला ते फार आवडायचं.

टेबलाशी तिघं होती. मानवतचे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर, त्यांना सगळे काकाच म्हणतात. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत चिकटून यायचे. दुसरे सोपानराव, झरीचे. मेंढ्यांचा कळप, थोडी शेती. त्यांना जो त्रास होता त्याला आम्ही अफेझिया म्हणतो. समोरचा बोलतो ते सगळं कळतं, बुद्धी शाबूत असते, पण शब्द डोक्यातून तोंडापर्यंत येताना वाटेत हरवतो. झटक्यानंतरच्या पाच महिन्यांत त्यांच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता. तिसऱ्या गयाबाई, त्यांच्या पत्नी. त्या नुसत्या सोबत यायच्या, पण कोपऱ्यात बसवून ठेवणं मला बरं वाटेना, म्हणून त्यांनाही पात्र दिलं. तलवारवाली बाई त्यांनी निवडली. नाव काय ठेवायचं विचारलं तर लगेच म्हणाल्या, बिजली. जणू वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं.

सोपानरावांच्या घरात एक गोष्ट अडली होती. दिवाळीनंतर कळप गंगेकाठी निघतो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिकडच्या मोकळ्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवत चार महिने हिंडायचं. थोरले भाऊ दत्तराव पहिल्याच भेटीत मला स्पष्ट बोलले होते. "रानात ह्यो एका टोकाला, ह्याची बायको एका टोकाला. पडला-झडला तर हाक तरी मारता आली पाहिजे. एक शब्द निघू द्या, मी अडवत न्हाई. न्हाई निघाला तर कळप मी नेतो, ह्यानं घरी बसायचं." ते बोलत असताना सोपानराव जमिनीकडे पाहत होते. आयुष्यात एकही हिवाळा छपराखाली न काढलेला माणूस. मला त्यांची फार कीव आली, आणि दत्तरावांचं चुकतंय असंही म्हणता येईना.

म्हणून त्यांच्या पात्राला मी मंत्र जाणणारा केलं आणि मुद्दाम छोटे मंत्र दिले.

हे छोटे मंत्र म्हणजे काय ते सांगते. खेळात मंत्र दोन प्रकारचे. मोठे मंत्र मोजके मिळतात. आगीचा लोळ सोडला की तो खर्च झाला, रात्रीची झोप झाल्याशिवाय परत येत नाही. छोट्यांना इंग्रजीत कॅन्ट्रिप म्हणतात. त्यांनी राक्षस मरत नाही. काठीच्या टोकावर उजेड पडतो, फाटलेलं कापड सांधलं जातं, लांबची वस्तू जरा सरकते. पण ते कधी खर्च होत नाहीत. दिवसभरात शंभर वेळा म्हणा. आणि त्यातल्या बऱ्याच मंत्रांना फासाही लागत नाही. बोलायला घाबरणाऱ्या माणसासाठी मला हेच हवं होतं, चुकलं तरी काही वजा होत नाही अशी वस्तू.

त्यातल्या एका मंत्राचं नाव मी निरोप ठेवलं. ज्याच्याकडे बोट दाखवाल त्याच्याच कानात तुमचे शब्द पोचतात, बाकी कोणाला ऐकू जात नाहीत, आणि तो तिथूनच उत्तर देऊ शकतो. हाक मारायचा सराव हवा होता, तर याहून सोयीचं काय?

पहिल्या गुरुवारी सोपानरावांनी गयाबाईंकडे बोट दाखवलं, डोळे मिटले आणि बसून राहिले. मी म्हणाले, म्हणा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. ओठ हलले नाहीत, घशातून आवाज नाही. दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी बोट दाखवून झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे सारली आणि तोंड भिंतीकडे केलं. केस पेपरवर मी तिन्ही वेळा एकच शेरा लिहिला, प्रयत्न नाही. शेवटी दत्तरावांना फोन करून सांगितलं की लक्षण काही बरं दिसत नाही, पुढच्या गुरुवारी नक्की काय ते कळवते. ते बरं म्हणाले.

पुढच्या गुरुवारी गयाबाई आत आल्या त्या फुगूनच. नवऱ्याने चार दिवस त्यांच्या हातची भाकर बाजूला सारली होती. जवळ गेलं की तोंड फिरवायचं. आपलं काय चुकलं तेही कळेना.

हो-नाहीची उत्तरं सोपानरावांना मानेने देता यायची. मी विचारलं, गयाबाईंवर रागावलात? मान हलली, हो. घरचं काही? नाही. इथलं? हो. मला एकदम काहीतरी सुचलं.

"तुम्ही निरोप पाठवला होता?"

हो. त्यांनी तीन बोटं वर केली. मग बायकोकडे हात करून पंजा उलटा केला, हिने एकदाही उत्तर दिलं नाही.

गयाबाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या आणि हसताहसताच त्यांचे डोळे भरले. "अवो मॅडम, हे विंचू उतरवतात. झरीतले लोक ह्यांच्याकडंच येतात. मंत्र कुनाच्या कानी पडू द्यायचा नसतो, मनातल्या मनात म्हनायचा. बोलून दाखवला की त्याचा गुन जातो. माझ्या लग्नाला तीस वर्सं झाली, मी तरी कुठं ऐकलाय?"

म्हणजे मी 'प्रयत्न नाही' लिहीत होते तेव्हा तो माणूस मंत्र नीट, त्याच्या रीतीने, पूर्ण म्हणत होता. उत्तराची वाट पाहत होता. आणि माझ्या त्या शेऱ्यावरून त्याचा कळप दुसऱ्याच्या हाती जाणार होता. मला लाज वाटली. ती कशी दाखवायची ते कळेना, म्हणून मी पंखा एक नंबर वाढवला.

मग त्यांना सांगितलं की चूक माझी, मी नियम अर्धाच सांगितला. त्या रानात मंत्र तोंडाने म्हणावा लागतो. ओठातून बाहेर आला तरच तो चालायला लागतो.

सोपानरावांनी मूठ उघडली आणि तळहातावर फुंकर मारली. उडून जाईल की.

"मोठा असता तर गेला असता," मी म्हणाले. "हा छोटा आहे. याला संपणं माहीतच नाही. शंभर जणांनी ऐकला तरी तेवढाच राहतो."

त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा काका बोलले, सावकाश, एकेक शब्द सोडवत. "मी उजेडाचा मंत्र… किती बार म्हनलो… सरला का? सकाळी घरी बी म्हनलो. लाइट गेल्ती."

"पडला उजेड?" गयाबाईंनी विचारलं.

"न्हाई. पन मंत्र हाय तसाच हाय."

सोपानराव हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं मी ते हसणं, तोंड एका बाजूला जरा वाकडं, डोळे मात्र पूर्ण हसलेले.

मी गोष्ट पुढे नेली. नदीवर धुकं आहे. बिजली एकटीच पुढे निघालीय, तिला दिसत नाहीये की समोरचा काठ ढासळत चाललाय. सावली अजून मागे आहे, तिला हाक मारून उपयोग नाही. सोपानराव, तुम्ही अलीकडच्या काठावर आहात.

त्यांनी बोट वर केलं. डोळे उघडेच ठेवले. ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, परत दाबले गेले. अशा वेळी थेरपिस्टने मध्ये बोलायचं नसतं, शब्द पुरवायचा नसतो. मी हाताची घडी घट्ट धरून बसले. गयाबाईंनी मान खाली घातली होती, खरंच धुक्यात उभं असल्यासारखी.

"बि," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, "बिज." आणि मग सगळं एकदम, जड पण स्वच्छ, "बिजली."

तीस वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती, त्यांच्याकडे तशी रीतच नाही. हे नाव मात्र घ्यायला मोकळं होतं.

गयाबाईंनी मान वर केली नाही. नियमाप्रमाणे तिथूनच, हळू आवाजात उत्तर दिलं. "आलं ऐकू. थांबले मी."

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. निरोप तिसऱ्याला ऐकू जात नाही, हा नियम त्यांच्या पक्का लक्षात होता. "मला काई ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसले.

संध्याकाळीच मी दत्तरावांना फोन केला. ते म्हणाले, खोलीतलं खोलीत, मला रानात ऐकवा. म्हणून दिवाळीच्या आधल्या रविवारी मी झरीला गेले. कापसाच्या रानापलीकडे मेंढ्या चरत होत्या. गयाबाई त्यांच्याही पलीकडे, पाठमोऱ्या. दत्तराव आणि मी बांधावर. सोपानरावांनी काठी खाली ठेवली, बोट दाखवलं, आणि वारा उलटा असताना हाक मारली. पहिल्यांदा नुसता आवाज निघाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी नाव निघालं.

"ही बिजली कोन?" दत्तरावांनी मला विचारलं.

मी समोर बोट दाखवलं. गयाबाई वळल्या होत्या आणि मेंढ्यांच्या मधून वाट काढत चालत येत होत्या. त्या पोचेपर्यंत दत्तराव बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या दोघान्ला."

दोघं कळप घेऊन गंगेकाठी गेले. सोपानरावांकडे आता वीस-बावीस शब्द आहेत, वाक्य अजून नाही, आणि बहुतेक पूर्ण वाक्य होणारही नाही. डॉक्टरसाहेबांनी रिझल्ट मान्य केला, फक्त रजिस्टरमध्ये फासा असं लिहू नका म्हणाले. मी 'साहित्य' असं लिहिते.

माझ्या केस पेपरवर मी एक रकाना हाताने आखून घेतलाय. नव्या पेशंटच्या घरच्यांना विचारते, हे झटक्याच्या आधी काय काय मनातच म्हणायचे? लोक आधी चमकतात, मग सांगतात, आणि यादी दर वेळी मला वाटते त्यापेक्षा लांब निघते. 'प्रयत्न नाही' हा शेरा मी त्यानंतर कोणाच्या पेपरवर लिहिलेला नाही. 'मला ऐकू आलं नाही' असं लिहिते. तेवढंच मला खात्रीने माहीत असतं.