थांबा मॅडम

आंबीच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना थांबायला लावणारी बाई स्वतः मात्र कधी एका जागी थांबली नाही. त्या सिस्टीम विभागाच्या प्रमुख. बिलं, माल, पगार, सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते कुठं अडलं, की चपला फटफटवत हजर. "थांबा! ओके दाबू नका. आधी ते काय म्हणतंय ते ऐका." मग उभ्याउभ्याच, टेबलावर बोटं वाजवत, पडद्यावरचा इंग्रजी संदेश शेवटच्या शब्दापर्यंत मराठीत मोठ्यानं सांगायच्या. चहासुद्धा चालत प्यायच्या. नाव पडलं थांबा मॅडम.

मी टाकव्याची, घरातली पहिली पदवीधर. त्याचा माज होता म्हणा, पण कमावलेला होता. डिस्पॅचला, बाहेर जाणाऱ्या मालाची बिलं करायला, नवीन लागले होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच महिन्यात ठरणार होतं.

खंडेनवमीची पूजा उरकली, यंत्रांना झेंडू चढला आणि भरलेला ट्रक बिलासाठी अडला. बिल करायला गेलं की लाल चौकट. मी घाबरून ओके दाबायची, पुन्हा बिल, पुन्हा ओके. बाहेर ड्रायव्हर हॉर्न सोडेना. आमच्या विभागाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "नव्या पोरीनं काहीतरी दाबलं असणार."

"थांबा. कुणी दाबलं ते मागाहून बघू." मॅडमनी संदेश वाचला. ट्रकच्या वजनकाट्याकडून वजन आलेलं नाही, एवढंच तो म्हणत होता. वाक्य संपेपर्यंत त्या जिन्यावर, मी मागे.

वजनकाट्याच्या खोलीत वॉचमन आबा गंध लावून बसले होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची पिन काढून तिथं देवीच्या फोटोची दिव्यांची माळ लावली होती.

"आबा, ही पिन?"

"व्हय, म्याच काढली. सणाला बैलालाबी जुपत न्हाई आमी. त्यालाबी इसावा."

मॅडम खळखळून हसल्या. "आबा, हा सुटला की सगळ्या कारखान्याला सुट्टी!"

माळ त्यांनी काढू दिली नाही. पिना लावायचा जादा बोर्ड मागवला. वजन आलं, बिल निघालं. मला म्हणाल्या, "साहेबांना तूच सांग. ताठ बोल. आणि पिन निघाली होती एवढंच सांग, आबांचं नाव नको." मी ताठ बोलले. साहेब "बरं, बरं" म्हणाले. मी कायम झाले.

यंदा कंपनीनं मॅडमचं काम फोनवरच्या बाहेरच्या माणसांना दिलं. निरोपाचा केक हातात घेऊन मॅडम शेवटच्या दिवशीही फेऱ्याच मारत होत्या. तेवढ्यात माझं एक बिल अडलं. सवयीनं त्या आल्या, स्वतःचं नाव, पासवर्ड टाकला. लाल चौकट. आता मला पूर्ण वाचायची खोड लागलीय; त्यांच्याआधी वाचलं, म्हणूनच मी घाईनं ओकेकडे हात नेला.

त्यांनी मनगट धरलं. "थांब."

पहिल्यांदाच त्या माझ्या खुर्चीत बसल्या. बोटं वाजली नाहीत. मोठ्यानं वाचलं, "या नावाला इथे प्रवेश नाही. आपल्या सिस्टीम प्रमुखांशी संपर्क साधा."

मग मॅडमनी स्वतः ओके दाबलं.