परळच्या मैदानावरचा चुना

परळला व्हॉलीबॉल शिकायला जायचं म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "तिथे येतात कोण?"

मी चौदा वर्षांची होते. गिरगावातल्या आमच्या शाळेत खेळ म्हणजे लेझीम आणि खो-खो. मे महिन्यात परळच्या एका मैदानावर मुलींसाठी व्हॉलीबॉलचं शिबिर भरणार आहे, हे आमच्या खेळाच्या बाईंनी सांगितलं. शिकवणार त्याच होत्या. आईच्या लेखी परळ म्हणजे गिरण्या, मोर्चे आणि अश्रुधूर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोज कुठे ना कुठे भरत होत्या. आमच्या गल्लीतसुद्धा माणसं एकमेकांकडे बघून मगच बोलायची. पण वडील हो म्हणाले. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. "पहिले काही दिवस मी सोबत जातो," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

भायखळ्याला ट्राम बदलून आम्ही परळला पोचायचो. मी नेटपाशी जायची आणि भाऊ मैदानाच्या कडेला बाकावर बसायचे. काळा कोट, काळी टोपी, हातात उघडलेलं वर्तमानपत्र. सकाळी साडेसहाला त्या वस्तीत असा माणूस कसा दिसत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चौथ्या दिवशी पाणी प्यायला गेले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तो कोटवाला आज परत आलाय." मी वळून म्हटलं, "ते माझे वडील आहेत." सगळ्या मुली नळापासून बाजूला सरकल्या.

त्या बहुतेक लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या मुली होत्या. त्यांतली एक माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उंच, सावळी. तिच्या हातांत जादू होती. चेंडू कसाही वेडावाकडा येवो, ती दहा बोटांवर झेलल्यासारखा करून अलगद नेटच्या वर उठवून द्यायची आणि मग मारणारीला नुसती उडी घ्यायची बाकी राहायची. मैदानाच्या कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली बाईंनी तिच्याकडे दिली होती. नेट, दोन चामडी चेंडू, हवा भरायचा पंप आणि रेषा आखायला चुन्याचं पोतं, सगळं त्या खोलीत असायचं. तिने मला एकदाच विचारलं, "तुझे बाबा सरकारात ना गो?"

"हो. कचेरीत."

"कसली कचेरी?"

मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, "कागदपत्रांची." ती हसली नाही.

पाचव्या दिवसापासून भाऊ यायचे थांबले आणि मी एकटी जाऊ लागले. त्याच सुमारास बाईंना चुना कमी पडू लागला. महिनाभर पुरेल म्हणून आणलेलं पोतं आठवड्यात अर्ध्यावर आलं होतं. "खाता काय ग चुना?" असं बाईंनी विचारलं, त्यावर सगळ्या हसल्या. मी मात्र किल्लीवाल्या मुलीकडे पाहत होते. आदल्याच सकाळी मी लवकर पोचले, तेव्हा ती खोलीत पोत्याचं तोंड बांधत होती. कोपरापर्यंत हात पांढरे. "रेषा मारत होते," ती म्हणाली. पण बाहेर मैदानावर रेषा कालच्याच होत्या, पुसट.

दोन गल्ल्या पलीकडे गिरणीची लांबलचक भिंत होती. रोज सकाळी तिच्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांची हातभर उंचीची नवी पांढरी अक्षरं दिसायची. दुपारी ती पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटलेली असायची.

हे मी जेवताना घरी सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. चुना कमी होतो, एकीचे हात पांढरे असतात, आणि भिंतीवर अक्षरं येतात. आई म्हणाली, "तू लक्ष घालू नकोस." भाऊंनी फक्त आमटी मागितली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिसचा सराव करत होतो. मैदानात एक हवालदार आला आणि त्याच्यासोबत साध्या कपड्यांतला एक माणूस. ते सरळ कोपऱ्यातल्या खोलीकडे गेले. वाटेत कुणालाही काही न विचारता. बाई धावत त्यांच्यामागे गेल्या.

"किल्ली कुणाकडे असते?" साध्या कपड्यांतल्याने विचारलं.

"माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

किल्ली त्या वेळी त्या उंच मुलीच्या कमरेला होती. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि कुणीच हललं नाही. त्या माणसाने पोत्यात हात घालून पाहिलं, बाईंचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि दोघे निघून गेले. मागोमाग शेजारच्या चाळीतून एक बाई ओरडत आली. तिच्या मुलाला, म्हणजे त्या उंच मुलीच्या थोरल्या भावाला, बहीण मैदानाकडे निघून गेल्यावर लगेच घरातून नेलं होतं.

ती मुलगी जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्याही बघू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे चेंडू येईना. मी नेटपाशी हात वर करून उभी राहायची आणि ती चेंडू दुसरीकडे उठवायची. मी जवळ गेले की मालवणीत चाललेलं बोलणं बंद पडायचं. एकदा कानावर आलं, "हिच्याच बापाशीन..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. मला ओरडून सांगायचं होतं की माझे वडील तसे नाहीत. पण मला तरी कुठे माहीत होतं ते कसे आहेत! जेवताना मीच सगळं सांगितलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पोलीस नेमके त्या खोलीपाशी येऊन उभे राहिले होते.

संध्याकाळी भाऊ कचेरीतून आले. कोट खुंटीला लावत होते, तेव्हा मी विचारलं, "भाऊ, चुन्याचं तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

त्यांचा हात खुंटीवरच राहिला. "का?"

मी झालेलं सांगितलं. ते खुर्चीत बसले. "साहेबांनी आम्हाला सांगून ठेवलंय," ते सावकाश म्हणाले, "आपापल्या वस्तीत काय चाललंय ते कळवत जा. तोंडीच सांगितलंय. मी आजवर काही कळवलेलं नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण साहेबांनी सांगितलंय, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ अंघोळीला गेले असताना मी त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. ट्रामची तिकिटं, तपकिरीची डबी, एक कोरा कागद. तो कोरा कागद मी उलटसुलट करून पाहिला. वळले तर भाऊ पंचा गुंडाळून दारात उभे होते.

"काही सापडलं?" त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. मी कागद परत खिशात ठेवला आणि तशीच शिबिराला निघून गेले.

चार दिवसांनी त्या मुलीचा भाऊ ताकीद घेऊन सुटला. सुटल्यावर तो सरळ मैदानावर आला, तो बाईंची माफी मागायला. विशीतला, गिरणीत बदली कामगार, तोंडभर हसणारा. बहीण म्हणाली, "तुका कोणी पकडून दिलान?" आणि माझ्याकडे बघितलं.

"कोण देतला?" तो म्हणाला. "पोतं खालून फाटलेलं. उंदरांनी कुरतडलं असणार. एरवी मी डब्यातून चुना न्यायचो, त्या रात्री घाईत पोतंच उचलून नेलं. इथून घरी कालवायला, घरून भिंतीपाशी, मग परत इथे, सबंध वाटभर पांढरी रेघ. हवालदार मला म्हणाला, आम्हाला खबऱ्या कशाला हवा, तूच रस्ता आखून ठेवलास!"

बाई हसल्या. मुली हसल्या. मैदानावर आमच्याच रेषा इतक्या, की त्यांत ती एक कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्या उंच मुलीने मान खाली घातली. माझ्याशी ती बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही फारसं नाही. पण सराव सुरू झाल्यावर तिसरा की चौथा चेंडू तिने माझ्यासाठी उठवला. मी तो नेटमध्ये मारला.

घरी येऊन मी भाऊंना सगळी हकीकत सांगितली. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"सुटला ना पोरगा? बरं झालं," ते म्हणाले.

"भाऊ, मला वाटलं होतं..."

"माहीत आहे मला."

त्यांनी पान उलटलं. माफी मागायची तर कशी, हे मला सुचत नव्हतं, आणि त्यांनी मला सोपंही करून दिलं नाही. पुढच्या वर्षी शिबिराचा फॉर्म मी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी न वाचता सही केली. परळला काय चालतं, कोण येतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही जेवताना मैदानावरचं काही सांगेनाशी झाले. आईला वाटायचं, मुलगी मोठी झाली म्हणून गप्प झाली आहे.