सारख्याच गाडीत वश्या फास्ट होता

वश्या काल गेला, आणि मी आजही त्याच्यावर जळतोय.

स्मशानातसुद्धा डोक्यात हेच. एवढी माणसं माझ्यासाठी येणार नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. वश्या म्हणजे वसंत, माझा नाशिकच्या पंचवटीतला शाळेपासूनचा मित्र. पुढे तिथेच द्वारका चौकाजवळ आमचं दोघांचं गॅरेज होतं.

लहानपणी तो सायकलवर मला मागे टाकायचा. मी म्हणायचो, त्याची सायकल नवी आहे.

पुढे मोटारसायकलवर टाकायला लागला. मी म्हणायचो, त्याचं इंजिन चांगलं आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं. कारण कायम तयार.

मग ऐंशीचं दशक संपता संपता रेसिंगमध्ये एक स्वस्तातला क्लास निघाला. एकच सीट, चाकं उघडी, छोटीशी गाडी. सगळ्यांना सारखी बॉडी, सारखे टायर, सारखं इंजिन, तेही सील मारलेलं. आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांना परवडावं म्हणून.

वश्या खूश. "सुध्या, आता पैसेवाल्याची गाडी जिंकणार नाही. ड्रायव्हर जिंकणार."

मला एकच चिंता. आता कारण कुठून आणायचं?

दोघांत मिळून एक जुनी गाडी घेतली. चांदवडच्या कांद्याच्या ट्रकमधून मद्रासला, रेसच्या ट्रॅकवर नेली. सीटचा कांद्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

गाडी एक, माणसं दोन. म्हणून ठरलं असं, की सकाळी प्रॅक्टिसला दोघांनी पाच-पाच लॅप मारायच्या. ज्याचा टाइम कमी, तो दुपारी रेस चालवणार.

आधी मी चालवली. बरी चालवली. पण वश्या काय करणार हे मला ठाऊक होतं.

तो हेल्मेट घालत होता, तेव्हा मी मागच्या डाव्या टायरची थोडी हवा सोडली.

नियमांनी हात लावायला फारसं काही ठेवलंच नव्हतं. हवा तेवढी आपल्या हातात होती.

तरी तो माझ्यापेक्षा अर्धाच सेकंद मागे राहिला.

उतरला. सवयीप्रमाणे चारही टायरना हवेचा गेज लावला. मागच्या डाव्याला दोनदा लावला. पंप आणून हवा भरली.

मग माझ्यापुढे हात केला.

"टोपी दे."

व्हॉल्व्हची टोपी माझ्या खिशात राहिली होती. जन्म गॅरेजात गेलेला माणूस मी, आणि टोपी परत लावायला विसरलो.

दिली.

त्याने ती बसवली. म्हणाला, "मागून जरा सरकते. दुसऱ्या वळणाला सांभाळ."

बस, एवढंच.

मी रेस चालवली. नववा आलो.

पुढे त्याचं लग्न झालं, गाडी विकली, पुन्हा जाणं झालं नाही. वश्याने आयुष्यात एकही रेस चालवली नाही.

आणि गॅरेजवर कोणी नवीन आलं की हाच सांगायचा, "हा आमचा रेसर. मद्रासला चालवून आलाय."

त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

काल त्याचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, "काका, बाबा सांगायचे, मद्रासला तुम्हीच फास्ट होतात."

मी मान हलवली. हो म्हणालो. बाप समोर जळत होता आणि मी हो म्हणालो.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. बाळा, खोटं आहे ते. तुझा बाबा फास्ट होता. ती रेस त्याची होती, मी चोरली.

वश्या, तू हे कोणाला बोलला नाहीस. घरातसुद्धा नाही. तुझ्या जागी मी असतो तर गावभर केलं असतं.

ह्याचाही हेवा वाटतो, लेका. आणि ह्या वेळी सांगायला माझ्याकडे कारण नाही.

नाशिकच्या खऱ्या रेसरला, त्याच्या मित्राचा शेवटचा नमस्कार.